इतर

दवाखान्याच्या नोंदवहीत रकाने आहेत :
गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी.
कुत्रा न् मांजर आलं
तर शेवटच्या रकान्यात लिहिते मी, इतर.
श्रेणी दोनचा दवाखाना हा, खैरटोल्याचा.
पत्र्यावर चिचेचा पाला,
फ्रिजमध्ये लाळ-खुरकुताची लस
आणि तिच्यामागे डॉक्टरांचं ताक.

फुलवंता मारबते आली मंगळवारी,
धानाच्या चुंगडीत मांजर घालून.
"रुसली जी," म्हणाली,
"ढिवराच्या घरची मांजर, अन् मासोरीवर रुसली.
डाडक टाकली, झिंगे टाकले.
धावत येते, हुंगते, तोंड लावते
अन् कोनी डाग देल्लावानी किंचारते, पराते.
सासू म्हन्ते नजर हाये.
मीठ-मिरच्या उतरून झाल्या."

चुंगडीतून डोकं निघालं.
हनुवटी लाळेनं चिकट, पाठीवर केसांच्या जटा.
मांजर स्वतःला चाटायची थांबली
की तिचं काहीतरी दुखतं,
एवढं वीस वर्षांत कळलंय मला.
जबडा उघडला.
मागच्या दाढांपाशी हिरडी म्हणावी असं काही नव्हतंच;
नुसतं उघडं मांस,
बघण्यानंही रक्त येईल असं.

डॉक्टर वाघाये चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
काटा रुतला की रक्त तिथं धावून जातं.
जागा तापते, लाल होते, ठणकते.
ती सूज कामाचीच असते.
काम झालं की ओसरते.
हिची ओसरलीच नाही.
हिच्या अंगाला हिचेच दात परके वाटायला लागलेत.

"सोताचे दात?"
"स्वतःचे. गोळ्या देऊन बघू,
नाहीच थांबलं तर काढावे लागतील. सगळे."
फुलवंता आधी हसली.
मग चुंगडीचं तोंड मुठीत धरून उभी राहिली.
"मंग मासोरी कायनं खाईल जी?"

रेशन दुकानवाल्या रेवनाथचा बाज्या आठवला मला.
आज उजवा पाय उचलायचा, उद्या डावा,
परवा काहीच नाही.
ना खरचटलेलं, ना काटा.
"नाटकी हाये," रेवनाथ म्हणायचा,
"पाय बदलून बदलून लंगडते."
गोचिडांचा ताप येऊन गेला होता त्याला.
ताप गेला, सूज राहिली,
सांध्यासांध्यांतून फिरत.
गोळी हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका,
हे मी तीनदा सांगितलेलं.
कुत्रा धावला म्हणून आठव्या दिवशी यानं गोळी बंद केली,
अकराव्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर
पोत्यासारखा आणला त्याला.

उजव्या हातातल्या बांगड्या
मी दोन वर्षांपूर्वी फोडून काढल्या.
निघतच नव्हत्या.
सकाळी नऊपर्यंत मूठ मिटत नाही,
दुपारी मिटते.
घरी म्हणतात, भाकरी थापायच्या वेळेलाच हिचं दुखतं.
खरंच आहे ते.
तेव्हाच दुखतं.

दात काढले भंडाऱ्याला, दोन खेपांत.
बससाठी फुलवंतानं जाळं गहाण ठेवलं की विकलं,
तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी
ती दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर.
पळसाच्या पानांत बांधलेले झिंगे.
"खाते जी आता! हिरड्यानंच खाते,
कुतऱ्याच्या तोंडची वढते."
मांजर सोबतच आलेली,
पंपाजवळ उन्हात बसून
शेपटीच्या टोकापासून स्वतःला चाटत होती,
घाई नसल्यासारखी.

पुड्याची गाठ मला सुटेना.
दोरा साधाच, नायलॉनचा.
फुलवंतानं पुडा घेतला नाही,
माझा हात घेतला.
मी जबडे धरते तसा,
हलकाच, पण सुटणार नाही असा.
एकेका पेराला अंगठा लावत म्हणाली,
"सुजले ना जी बाई. कवापासून?"

घड्याळात साडेआठ.
वहीचं पान कोरं होतं,
आणि मला उत्तर येत नव्हतं.